डबल

दस्तगीरचा धाकटा काल स्कूटरवर पोतं घेऊन आला.
"अब्बांनी सांगून ठेवलंय, तुम्हालाच द्यायचं."
आत नऊ वह्या. काडेपेट्यांची चित्रं,
खळीनं चिकटवलेली, खाली साल, गाव,
आणि पाचव्या वहीत ती जोडमोरांची,
लाल शाई जराशी सरकलेली,
म्हणून तर तिचं मोल.

मिलमध्ये आमची एकच पाळी,
तो साच्यावर, मी घडीखात्यात.
भोंगा झाला की कन्ना चौकातल्या टपऱ्यांमागं
दोघं वाकून कचरा चिवडायचो.
लोक म्हणायचे, पगार तर मिळतो ना रे यांना?
"हा डबल आहे माझ्याकडं, घे."
यापलीकडं आम्ही एकमेकांना
प्रेमाचं असं काही बोललो नाही.
जोडमोर मात्र तो नुसता दाखवायचा
आणि वही मिटायचा.

घरी बालामणी.
नवी पेटी आली की काड्या पावडरच्या डब्यात,
कडेची घासायची पट्टी कापून
चुलीजवळ भिंतीला खिळ्यानं ठोकलेली.
"बोम्मा मीकु, निप्पु नाकु," म्हणायची.
चित्र तुमचं, विस्तव माझा.
अशी आमची वाटणी. कधी तंटा नाही.
पुढं गॅस आला, लायटर आला,
पट्टी तशीच राहिली, घासून गुळगुळीत.

ती गेली तेव्हा गड्ड्याचे पाळणे उभे राहत होते.
थोरल्यानं पेटी माझ्या हातात दिली.
वाऱ्यानं तीन काड्या विझल्या,
चौथी धरली.
चाळीस वर्षांत एक पेटी मी
उलटून पाहिल्याशिवाय टाकली नव्हती.
त्या पेटीवर काय होतं, आठवत नाही.
जहाज? घोडा? नुसता पिवळा कागद?
पोरांना विचारलं.
पोरं एकमेकांकडं बघायला लागली,
मग थोरली सून हळूच म्हणाली, मामा, जरा पडा.

त्यानंतर वर्षभर वह्या उघडल्या नाहीत.
मग मोतीबिंदू काढला, आणि डॉक्टर म्हणाले,
आता जवळचं बघायची सवय करा.

पूर्वी मी बघायचो ती छपाई, कोपरे, रंग उडालाय का.
खराब निघालेल्या वेगळ्या, एका पाकिटात,
वर माझंच अक्षर: डागी.
आता बसलो की आधी ते पाकीट.
हिच्यावर काजळीचा अंगठा, तिचा.
हिच्यावर तेल. त्या दिवशी दिवाळीची कडबोळी होती,
मी ओरडलो होतो, वाघाचं तोंड बुडवलंस म्हणून.
हिला हळदीचं बोट.
बाकी वह्या कपाटात आहेत. चांगल्या आहेत.
एकही डाग नाही त्यांच्यात,
बघायला काय आहे?

तर जोडमोर.
माझ्या वहीत त्याच्यासाठी पेन्सिलीनं आखलेला चौकोन
एकोणतीस वर्षं रिकामा.
पोरगा चहा पीत होता. मी कडेनं नख घातलं,
खळ सुकलेली, अलगद सुटलं.
खाली अजून एक जोडमोर.
तीच सरकलेली लाल शाई.
आणि पाठीमागं दस्तगीरचं उर्दू वळणाचं मराठी:
मल्लेशमसाठी. एवढ्यात नको.

हसू आलं. शिवी पण आली.
दिला असता तर मी
दर शुक्रवारी विजापूर वेशीपर्यंत
सायकल मारत कशाला गेलो असतो?

आता डबल माझ्याकडं आहे.
कुणाला म्हणू, घे?
पोराला विचारलं. त्यानं मोबाइलवर फोटो काढला,
म्हणाला, झालं चाचा, आला माझ्याकडं.
मग पोतं झटकून घडी घातलं.
"हे नेतो. शेंगा भरायला लागतं."